केडगावच्या वाटेवर

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता उरुळी कांचन मागे टाकून यवतकडे निघाला की मध्ये कासुर्डी लागते. आणि दर वर्षी ज्येष्ठ वद्यात, लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून तुकाराम महाराजांची पालखी यवतकडे निघते तेव्हा टाळमृदंगाचा जो घोष या रस्त्याने पुढे सरकतो, तो या शिवारातील माणसाने, मग त्याचा धर्म कोणताही असो, कळू लागल्यापासून ऐकलेला असतो. याच रस्त्याने यवत ओलांडून चौफुल्यावर डावीकडे वळले की थोड्याच वेळात केडगाव येते, जेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. वारकऱ्यांची वाट आणि मराठी ख्रिस्ती उपासनेचे एक मोठे पीठ दौंड तालुक्याच्या एकाच पट्ट्यात इतके शेजारी असावे, हा मला केवळ भूगोलाचा योग वाटत नाही. कारण मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना जेव्हा जेव्हा सजीव झाली, तेव्हा तेव्हा ती या मातीच्या बोलीला आणि सुराला येऊन मिळाली म्हणूनच झाली, असे माझे मत आहे.

ज्या वाचकांनी ख्रिस्ती देवळात कधी पाऊल टाकले नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अगत्याचे आहे. रविवारची उपासना म्हणजे केवळ पाळकांचे प्रवचन नव्हे. प्रारंभी देवाची स्तुती होते, मग आपल्या अपराधांची कबुली व क्षमेची याचना, त्यानंतर शास्त्रवाचन, गीते, उपदेश, आजाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी व राज्यकर्त्यांसाठी विनवण्या, अर्पण आणि शेवटी आशीर्वाद, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. आणि नेमलेल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूने वधस्तंभावर जाण्यापूर्वीच्या रात्री शिष्यांसह केलेल्या अखेरच्या भोजनाचे स्मरण, भाकर व प्याला यांच्या रूपाने होते. पंथापंथांत क्रम बदलतो, वेष बदलतो. परंतु प्रश्न सर्वत्र एकच उरतो, की ओठांवरचे शब्द अंतःकरणातून येतात काय, आणि ते यावेत म्हणून ते शब्द कोणाचे असावेत.

हा प्रश्न रमाबाईंनी जितक्या कष्टाने सोडवला तितक्या कष्टाने तो क्वचितच कोणी सोडवला असेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरून पुराणे वाचीत. श्रोते जमत, ऐकण्याचे पुण्य घेत, दक्षिणा ठेवून जात, आणि वाचलेल्या संस्कृताचा अर्थ मात्र त्यांतील बहुतेकांस उमगत नसे, ही गोष्ट रमाबाईंनी स्वतःच पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद करून ठेवली आहे. अर्थ न कळता केलेले श्रवण कसे असते, हे ज्या मुलीने वाचणाऱ्याच्या बाजूस बसून पाहिले, तीच पुढे १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. तेथील धर्मभगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात एक छोटासा वाद आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, असे रमाबाईंनी विचारले. लॅटिनमध्ये असे काय पावित्र्य आहे की जे आमच्या संस्कृतात नाही? नुकतीच दीक्षा घेतलेली, परक्या देशात परक्यांच्या आश्रयाने राहणारी पंचविशीतली ही विधवा आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रीला हे खडसावून विचारते, यात हट्ट नाही. देवापुढे उभे राहताना आपली भाषा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागू नये, एवढीच त्यात मागणी आहे.

परंतु याहून मोठी गोष्ट पुढे घडली. १८९६–९७ च्या दुष्काळात आणि त्यानंतर १९०० च्या सुमाराच्या गुजरातेतील दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या माळावर आणल्या, विहिरी खोदवल्या, शेती लावली, उद्योगशाळा उभारल्या. आणि या मुलींना मराठी बायबल वाचून दाखवताना त्यांच्या ध्यानात आले की उपलब्ध भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द या मुलींच्या डोक्यावरून जातात. लॅटिनविरुद्ध संस्कृताचा कैवार घेणाऱ्या या पंडितेने, जिला कलकत्त्याच्या विद्वत्सभेने १८७८ साली याच संस्कृतासाठी ‘सरस्वती’ म्हटले होते, तेच संस्कृत आता बाजूस ठेवले. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी समग्र बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले आणि कित्येक वर्षे ते चालवले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्याही मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वी हे काम त्यांनी हातावेगळे केले होते. समग्र ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या विद्येचा असा त्याग मी तरी उपासनेचाच एक प्रकार मानतो, आणि तो गीतांहून व प्रवचनांहून कमी दर्जाचा नव्हे.

त्याच मुक्तीत १९०५ साली जे घडले त्याची हकीकत देशोदेशी गेली. वर्षाच्या प्रारंभापासून मुलींचा एक गट नित्य प्रार्थनेस बसत होता, आणि तो वाढत वाढत काही शेकड्यांवर गेला होता. जून महिन्याच्या अखेरीस, म्हणजे तिथीने पाहिले तर ज्येष्ठ वद्यात, रस्त्याने वारी जाण्याच्याच दिवसांत, एका पहाटे एक मुलगी प्रार्थनेत इतकी व्याकूळ झाली की जवळच्या मुलीला तिच्या अंगाभोवती ज्वाळा दिसल्या. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आले की आग अशी काही लागलेलीच नाही. मिनी एब्रम्स या मुक्तीतील सहकारिणीने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढे कित्येक दिवस मुली रडत, आपली पापे कबूल करीत, मग हर्षाने टाळ्या वाजवीत, आणि सर्वजणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. इंग्रजी शिस्तीच्या उपासनेस सरावलेल्या काही मंडळींना हा गलबला रुचला नाही. रमाबाईंनी त्यास दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे: भारतीय माणसे आपल्या स्वभावाप्रमाणे व भावनेप्रमाणे देवाला आळवोत, पाश्चात्त्यांच्या मापाने त्यांना मोजू नये, असा त्यांचा आशय होता. ज्वाळांच्या प्रसंगाविषयी कोणाला काय मानावयाचे ते मानो. ज्या मुलींना दुष्काळाने व माणसांनी टाकून दिले होते, ज्यांचा आवाज आजवर कोणी ऐकून घेतला नव्हता, त्या एका छपराखाली उंच स्वराने स्वतःचे दुःख स्वतःच्या शब्दांत देवास सांगू लागल्या, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षाचे मोल ठरवण्यास पुरेशी वाटते.

भाषेची ही कथा रमाबाईंची. सुराची कथा अहमदनगरची. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ पासून सुरू होते, शिरूरलाही त्यांचे ठाणे होते, आणि आरंभीची बहुतेक गीते इंग्रजी चालींवर बेतलेली असत. चाल साहेबाची व शब्द मराठी, असा तो संसार होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या घाटात आणले, आणि मग खेडोपाडीचा श्रोता पूर्वरंग, उत्तररंग या ओळखीच्या वाटेने त्या अनोळखी कथेत शिरू लागला. नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला, हे काम कळसास नेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. त्यामुळे त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग रचले यात नवल नाही, नवल आहे ते त्या अभंगांतील सलगीचे, कारण मराठी भक्त विठोबाशी जसा आईशी बोलावे तसा बोलतो, तसेच टिळक ख्रिस्ताशी बोलतात. आजही मराठी मंडळ्यांतून हाती असणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. रोमन कॅथलिक मंडळीत मात्र मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्येच चाले; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेची वाट मोकळी केली, तोवर रमाबाईंच्या त्या प्रश्नाला जवळजवळ ऐंशी वर्षे होऊन गेली होती.

आणि तरीही उपासना केवळ शब्दांत व सुरांत मावत नाही. ग्रामीण मंडळीत कापणीच्या सणाला जो गेला असेल त्याला हे वेगळे सांगण्याची जरुरी नाही. त्या रविवारी वेदीपुढची जागा ज्वारीच्या कणसांनी, उसाच्या मोळीने, भोपळ्यांनी, अंड्यांच्या टोपलीने भरून जाते. पाय बांधलेली एखादी कोंबडी प्रार्थना चालू असता मध्येच कलकलते आणि कोणी तिला गप्प करीत नाही. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी सुपात दोन शेर बाजरी घेऊन येते, सूप खाली ठेवते आणि क्षणभर हात जोडून उभी राहते. उपासना संपली की याच जिनसांचा लिलाव पुकारला जातो: एक लिंबू शंभर रुपयांस जाते, घेणारा ते पुन्हा अर्पण करतो, ते दुसऱ्यांदा पुकारले जाते, मंडळीच्या खजिन्यात रक्कम जमा होते. ज्याच्या शेतात यंदा काही पिकले नाही तो बोली लावून सहभागी होतो, आणि ज्याच्यापाशी पैसा नाही तो आणलेल्या सुपाने. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात धान्य देवापुढे ठेवणे म्हणजे काय, हे प्रवचनात सांगावे लागत नाही.

अलीकडे काही ठिकाणी, विशेषतः शहरांतून, टाळ व तबला मागे पडून गिटार व ध्वनिक्षेपक पुढे आले आहेत, आणि गीतेही पुष्कळदा हिंदी-इंग्रजीतून उचललेली असतात. तरुणांचा उत्साह मोडावा असे मी म्हणणार नाही. मुक्तीतल्या मुलींच्या गलबल्यालाही एके काळी आक्षेप घेतला गेला होता, हे विसरता कामा नये. परंतु पाळकांना व मंडळीच्या पंचांना माझी एक कळकळीची विनंती आहे. महिन्यातला एक रविवार तरी भजनाचा ठेवावा, टिळकांचे व सांगळ्यांचे अभंग मुलांना चालीसकट शिकवावेत, आणि ज्या वृद्धांना त्या चाली अजून पाठ आहेत त्यांच्याजवळ या उन्हाळ्यातच मुलांना नेऊन बसवावे.