जुन्या फळीतून लांब धनुष्य

सहा फुटांचा एक दांडा, दोन टोकांना खाचा आणि त्यांत अडकवलेली दोरी. इंग्लंडच्या इतिहासात दबदबा निर्माण करणाऱ्या ‘लाँगबो’ अर्थात लांब धनुष्याची रचना वरवर पाहता एवढीच. हे धनुष्य घडवण्यासाठी दुर्मिळ व महागडे लाकूडच हवे, असा समज दीर्घकाळ होता. इंग्लंड-अमेरिकेतील पारंपरिक धनुर्विद्येच्या हौशी कारागिरांनी मात्र तो बाजूला सारला आहे. पाडलेल्या घराची जमीन, मोडका पलंग, जुन्या जिन्याचा कठडा यांतून निघालेल्या लाकडापासूनही उत्तम धनुष्य बनू शकते. अट एकच, लाकडाची पारख अचूक हवी. ती चुकली तर पूर्ण ताणलेले धनुष्य चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटते.

‘यू’ची टंचाई

लांब धनुष्याचे पारंपरिक लाकूड म्हणजे ‘यू’ हा सूचिपर्णी वृक्ष. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फाखाली सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाजवळ यूचेच १.८२ मीटर लांबीचे अर्धवट घडवलेले धनुष्य होते. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यातून १७२ धनुष्ये हाती लागली. त्यांपैकी अनेक १०० पौंडांहून अधिक ताणाची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यूचे वैशिष्ट्य त्याच्या दुहेरी स्वभावात आहे. सालीलगतचे पांढरे लाकूड ताण सोसते, तर आतले तांबूस लाकूड दाब सोसते. मात्र सरळ वाढलेला यू इंग्लंडमध्ये पुरेसा मिळत नसे. त्यामुळे १४७२ च्या कायद्याने व्यापारी जहाजांवर दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणण्याची सक्ती केली. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात धनुष्यकारांना एल्म, अ‍ॅश अशा इतर लाकडांचीही धनुष्ये बनवणे बंधनकारक झाले. दुय्यम लाकडातून काम भागवण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

साध्या फळीला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात. १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन व पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी धनुष्याचे गणिती विश्लेषण केले आणि रुंद, चपट्या भुजांची उपयुक्तता दाखवून दिली. १९९२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या ग्रंथमालेत टिम बेकर व इतर लेखकांनी वखारीतल्या फळीलाही धनुष्याचा मान मिळवून दिला.

फळी कशी निवडावी?

धनुष्य वाकते तेव्हा नेमबाजापासून दूर असलेली बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. नेमबाजाकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. ओंडक्यापासून धनुष्य करताना कारागीर पाठीवर एकच वाढवलय अखंड राखतो. करवतीने कापलेल्या फळीत ही सोय नसते. म्हणूनच तिच्यातील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाणे अत्यावश्यक ठरते. तंतू मध्येच कडेला निघून जात असतील, तर नेमक्या त्याच जागी पाठीची ढलपी उचलते. फळीचा रुंद पृष्ठभाग आणि कड अशा दोन्ही बाजूंनी रेषा तपासाव्या लागतात.

ओक, अ‍ॅश, हिकरी, मेपल, एल्म ही लाकडे या कामी चालतात. खोक्यांचे मऊ पाइन चालत नाही. गाठी, भेगा, कीड वा कुजल्याच्या खुणा असलेली फळी बाद करावी. लाकूड केवळ जुने आहे म्हणून दुबळे नसते. कोरड्या जागी राहिलेले लाकूड आपली ताकद बऱ्याच अंशी टिकवून ठेवते. खरा धोका असतो तो खिळ्यांचा. खिळ्याचे भोक भुजेत आले तर तेथेच तडा जातो. मोडलेला खिळा आत राहिला असल्यास रंध्याचे पाते निकामी होते. त्यामुळे चुंबक फिरवून पाहणे हिताचे.

आरोग्याचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि घासताना त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती बांधकामाच्या लाकडावर आर्सेनिकयुक्त रसायनाची प्रक्रिया सर्रास होत असे. असे हिरवट लाकूड घेऊच नये. मालवाहतुकीच्या पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असल्यास त्यावर उष्णतेची प्रक्रिया झालेली असते; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची. दुसऱ्या प्रकारचे लाकूड टाळावे.

जाडीचे गणित

२८ इंच ताणाच्या धनुष्यासाठी सुमारे सहा फूट लांबी सुरक्षित मानली जाते. मधोमध चार इंचांची मूठ राखली जाते. भुजा निम्म्या लांबीपर्यंत दीड इंच रुंद ठेवून टोकांशी अर्ध्या इंचापर्यंत निमुळत्या केल्या जातात. इंग्लिश धनुष्याचा छेद अर्धगोलाकार, जवळजवळ रुंदीइतकाच जाड असतो. यूखेरीज बहुतेक लाकडांना पोटावरचा एवढा दाब पेलवत नाही. म्हणून फळीच्या धनुष्याचे पोट सपाट ठेवणे शहाणपणाचे.

भुजेचा ताठरपणा रुंदीच्या सम प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्क्यांनी घटवली तर ताठरपणा दहा टक्केच घटतो. जाडी तेवढीच घटवली तर मात्र तो सुमारे २७ टक्क्यांनी घसरतो. त्यामुळे आकार उतरला की करवत आणि रंधा बाजूला ठेवून मरफा व खरवडणीचे पातेच वापरायचे असते.

टिलरिंग : संयमाची परीक्षा

दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात यासाठी पोटाकडून थोडे थोडे लाकूड काढत जाण्याच्या क्रियेला ‘टिलरिंग’ म्हणतात. पाठीला हत्यार लावायचे नाही. प्रथम टोक जमिनीवर टेकवून प्रत्येक भुजा हलकेच वाकवली जाते. नंतर धनुष्य भिंतीवरील आधारावर ठेवून लांब दोरीने खाली ओढले जाते आणि वाक दुरून न्याहाळला जातो. जो भाग ताठ दिसतो तेथेच खरवडायचे; जो जास्त वाकतो त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी खरवडल्यानंतर वीस-तीसदा ओढून लाकडाला नव्या आकाराची सवय करून द्यावी लागते. ठरवलेल्या ताणापेक्षा अधिक जोर एकदाही लावायचा नसतो. घाईने पुढचा टप्पा गाठल्यास भुजेत कायमचा बाक राहतो आणि धनुष्याचा वेग मंदावतो.

पोटावर आडव्या बारीक रेषा उमटू लागल्या, तर तेथे दाबाने तंतू मोडत आहेत असे समजावे. पाठीकडून ‘टक्’ असा आवाज आल्यास तेथेच थांबून तपासणी करावी. शंका असल्यास पाठीवर लिनन कापड किंवा कच्च्या चामड्याची पट्टी सरसाने चिकटवली जाते. तिने वाईट फळी चांगली होत नाही, पण उचलू पाहणारी ढलपी धरून ठेवली जाते. ३५ ते ४० पौंडांचा ताण नवोदितासाठी पुरेसा आहे. बाणाविना दोरी सोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. बाणाला मिळायची ऊर्जा त्या वेळी भुजांतच उरते आणि धनुष्य फुटू शकते.

योग्य लाकडाची ही जाण आपल्याकडेही होतीच. सह्याद्रीतील चिवट, लवचीक धामण वृक्षाला संस्कृतात ‘धन्वन’ आणि ‘धनुर्वृक्ष’ अशी नावे आहेत. वखारीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या दहा फळ्यांपैकी नऊ नाकाराव्या लागतील, कदाचित दहाही. पण ती नकाराची तयारी असेल, तर कारागिराला खर्च करावा लागतो तो प्रामुख्याने वेळेचाच.