वायोमिंगच्या रीलबाई

१८९४ च्या नोव्हेंबरात वायोमिंगच्या मतदारांनी एस्टेल रील या अविवाहित शिक्षिकेला राज्याच्या शिक्षणप्रमुखपदी निवडून दिले. बायकांना तेथे १८६९ पासून मताधिकार होता, पण या गुराख्यांच्या मुलखात पुरुषांची संख्या बायकांहून कितीतरी जास्त, म्हणजे निवडून यायचे तर पुरुषांचीच मते हवीत. रीलबाई प्रचाराला गावोगाव हिंडल्या. गुराख्यांना त्या अत्तर लावलेली छायाचित्रे पाठवतात, अशी आवई वर्तमानपत्रांनी उठवली. पुरुष उमेदवाराविषयी असे कोणी लिहिले असते काय?

इलिनॉयमध्ये १८६२ साली जन्मलेल्या रीलबाई शायेन गावात शिकवत. पुढे त्या लॅरमी काउंटीच्या शाळांच्या अधीक्षक झाल्या. त्या काळी जमीन मोजताना दर छत्तीस तुकड्यांपैकी सोळावा आणि छत्तिसावा तुकडा शाळांसाठी राखून ठेवत. अशा जमिनी पशुपालकांना खंडाने देण्याचा व्यवहार त्यांना नीट कळला होता.

१८९६ मध्ये त्यांनी मॅकिन्ली यांचा प्रचार केला. दोन वर्षांनी अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यांना देशभरातील इंडियन शाळांच्या अधीक्षक नेमले आणि सिनेटने ती नेमणूक मंजूर केली. एवढ्या वरच्या संघीय पदावर तोवर बाई क्वचितच पोहोचली असेल. आगगाडी, घोडागाडी, प्रसंगी घोड्यावर बसून त्यांनी दूरदूरच्या शाळा तपासल्या.

रीलबाईंच्या चरित्रातला अवघड भाग येथेच सुरू होतो. १९०१ मध्ये त्यांनी या शाळांसाठी एकच अभ्यासक्रम छापला. त्यात विषय वर्णानुक्रमे लावले आहेत, त्यामुळे गणित शेती आणि पाव भाजणे यांच्या मध्ये सापडते. अर्धा दिवस पुस्तके, अर्धा दिवस हातकाम. मुलींनी शिवण, धुणे, स्वयंपाक शिकावा. मुलांनी शेती आणि सुतारकाम. टोपल्या विणणे, घोंगड्या विणणे या मूळच्या कलांना त्यांनी जागा दिली, हे खरे. पण त्यामागे विक्रीचा हिशेब अधिक होता. आदिवासी मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांच्या बरोबरीची नाही, असे त्या मानत, आणि पालकांची इच्छा नसली तरी मुलांना शाळेत आणावे, असा त्यांचा आग्रह होता.

शाळेत केस जबरीने कापले गेले तेव्हा काय वाटले, हे झित्काला-शा या यांक्टन सू लेखिकेने १९०० मध्ये ‘अटलांटिक मंथली’त लिहिले होते. तीही शिक्षिकाच, कार्लाइलच्या शाळेत शिकवलेली. देशाने दोघींपैकी अधिकार दिला तो रीलबाईंना. पुरुषांनी बायकांवर लादलेली मर्यादा त्यांनी मोडली आणि दुसऱ्यांच्या मुलांना नवी मर्यादा आखून दिली. या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी एकमेकींना भिडल्या, असे त्यांच्या कामावरून दिसत नाही.

१९१० मध्ये राजीनामा देऊन त्यांनी कॉर्ट मायर यांच्याशी लग्न केले आणि वॉशिंग्टन राज्यात टॉपेनिशला संसार थाटला. १९५९ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या. टॉपेनिश हे गाव याकामा लोकांच्या राखीव प्रदेशाच्या हद्दीत आहे.