कंट्रोलरनं शिकावं किती?

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये टेम्परिंगची रिकामी भट्टी तापत होती. कंट्रोलरवर वरचे लाल आकडे भट्टीचं खरं तापमान दाखवतात, खालचे हिरवे सेट केलेलं: 550. ऑपरेटरनं बटण दाबून धरलं आणि ऑटो-ट्यूनचा दिवा लुकलुकू लागला.

आता कंट्रोलर मुद्दाम आडदांडपणा करतो. 550 होईपर्यंत हीटर पूर्ण चालू, होताच पूर्ण बंद. कॉन्टॅक्टर खट्कन सुटला तरी विटांत आणि कॉइलमध्ये साठलेली उष्णता आकडा चढवतच राहते: 558, 561, 563. मग तो रेंगाळतो, उतरू लागतो. 550च्या खाली गेला की हीटर पुन्हा चालू, पण घसरण लगेच थांबत नाही. या हेलकाव्यातून कंट्रोलर दोनच गोष्टी टिपतो: झोका किती मोठा आणि एका फेरीला वेळ किती. इथे फेरी 10 मिनिटांची निघाली. दिवा विझल्यावर मेनू उघडला तर इंटिग्रल 300 सेकंद, डेरिव्हेटिव्ह 75. फेरीचा निम्मा वेळ, आणि त्याचा चौथा हिस्सा. हे गणित झीग्लर आणि निकोल्स यांचं, 1942चं. रिलेनं हेलकावा उठवून ते आपोआप करून घेण्याची युक्ती स्वीडनच्या कार्ल ऑस्ट्रम आणि टोरे हेगलुंड यांची, 1984ची. अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःला जुळवून घेणाऱ्या, कंट्रोलच्या संशोधनातलं इतकं साधं आणि इतकं कामाचं दुसरं काही मी शेडमध्ये पाहिलेलं नाही.

पण हे शिकणं एकदाच होतं. उद्या भट्टी अर्धीच भरली, एखादी कॉइल थकली, दाराच्या विटा झिजल्या, की भट्टी बदलली. आकडे मात्र तेच. तापमान हंटिंग करू लागतं, म्हणजे सतत वरखाली झुलतं, आणि कुणीतरी पुन्हा तेच बटण दाबतं. मग काम चालू असतानाच शिकत राहणारा कंट्रोलर का बसवत नाहीत?

ही आस जुनी आहे आणि तिची किंमतही मोजून झाली आहे. 15 नोव्हेंबर 1967 रोजी अमेरिकेचं एक्स-15 हे रॉकेट-विमान कोसळलं आणि मायकेल अ‍ॅडम्स गेले. विमान गिरकीतून बाहेर आलं होतं, पण स्वतःचा गेन, म्हणजे चुकीला किती जोरानं प्रतिसाद द्यायचा तो आकडा, बदलणारी त्याची नियंत्रण-यंत्रणा आंदोलनात अडकली आणि गेन उतरलाच नाही. पुढे 1980च्या सुमारास कुंपती नरेंद्र, स्टीफन मोर्स, ग्रॅहम गुडविन यांच्यासारख्यांनी अशा यंत्रणांच्या स्थैर्याच्या भक्कम सिद्धता दिल्या. दोनच वर्षांत चार्ल्स रोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मॉडेलमध्ये न धरलेली थोडीशी जलद हालचाल आणि जरासा अडथळा एवढ्यानंही अशी व्यवस्था बिघडू शकते.

मला यातलं सगळ्यात खोल वाटतं ते वेगळंच. समजा, सतत शिकणारा कंट्रोलर उत्तम चालला आणि तापमान 550वर खिळून राहिलं. मग त्या सपाट रेषेत शिकण्यासारखं उरलं काय? थर्मोकपलची बारीक थरथर. शिकण्याचं सूत्र मात्र थांबत नाही. ते त्या थरथरीलाच माहिती समजतं आणि गेनचे आकडे हळूहळू भरकटत जातात. बाहेरून सगळं शांत. मग एका क्षणी तापमान उसळतं. त्या उसळीतून पुन्हा खरी माहिती मिळते, आकडे जागेवर येतात, रेषा सपाट होते, आणि भरकटणं नव्यानं सुरू. ब्रायन अँडरसन यांनी 1985 साली या 'बर्स्टिंग'ची उकल केली. म्हणजे नियंत्रण जितकं चांगलं, तितकं शिकणं उपाशी.

उपाय निघाले. चूक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर शिकणं बंद ठेवायचं, किंवा शिकलेलं थोडं थोडं झिजू द्यायचं. दोन्ही उपयोगी, पण भट्टी सावकाश बदलत असेल तर पहिल्या उपायात ते उशिरा कळतं, आणि दुसऱ्यात बरोबर शिकलेलंही थोडं हरवतं.

खरा पेच सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फेल्डबाउम यांनी 1960 सालीच मांडला होता: कंट्रोलरची प्रत्येक कृती एकाच वेळी नियंत्रणही करते आणि चाचपणीही. दोन्हींचा नेमका तोल काढण्याचं गणित अगदी छोटी उदाहरणं सोडली तर संगणकाच्याही आवाक्याबाहेरचं ठरतं. आज रीइन्फोर्समेंट लर्निंगवाले, म्हणजे यंत्राला चुकत-सुधारत शिकू देणारे, याच दारात येऊन उभे आहेत. सिम्युलेशनमध्ये ते हवं तितकं चाचपू शकतात. भरलेल्या भट्टीत 13 अंशांच्या चाचपणीनं गिअरचा कडकपणा बदलू शकतो. म्हणून ठरलेल्या मर्यादेबाहेर एकदाही न जाता शिकण्याची हमी कशी द्यायची, यावर आता बरंच काम चाललं आहे.