रोबो अडतो तेव्हा

आपल्याकडे यंत्राचे कौतुक फार. यंत्र अडल्यावर ते उघडून बसणाऱ्याचे मात्र तितके नाही. शाळाशाळांतून सध्या जे रोबो फिरू लागले आहेत, त्यांच्याकडे पाहताना ही आपली जुनी खोड ध्यानात ठेवलेली बरी. अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. देशभर अशा १० हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर आला, आर्डुइनोचे निळे बोर्ड आले, मोटारी आल्या. पण मुले त्यातून शिकतात काय?

सातारा-सांगलीच्या मातीला यंत्र नवे नाही. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकताना लक्ष्मणराव किर्लोस्करांना सुरुवातीची वर्षे जड गेली. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. याच किर्लोस्करांचे नांगर खपवण्याचे काम काही काळ भाऊराव पाटलांनी केले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर ते हेच. ज्याने स्वतःच्या हाताने काम केले त्यालाच ते कळते, हा विचार आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वीच शाळेपर्यंत पोचला होता.

बँकेतून निवृत्त होऊन कादंबऱ्या लिहीत बसलेल्या माझ्यासारख्याचे रोबोपाशी काय काम? साताऱ्याच्या एका शाळेतल्या चमूने प्रकल्पाचा मराठी मजकूर तपासायला बोलावले, आणि मी महिनाभर तिथेच रमलो. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी चिकटवलेली. पांढरा रंग प्रकाश परत पाठवतो, काळा तो गिळतो. रोबोच्या पोटाखालचे सेन्सर एवढ्यावरून वाट ओळखतात. चौकात आल्यावर त्याने काटकोनात वळायचे. मुलांनी आज्ञा लिहिली होती, ‘अमुक इतका वेळ मोटार फिरव.’ सकाळी तो झकास वळे. दुपारी चारला वळण अर्धवट राही.

सरांना कारण ठाऊक असावे, पण ते एवढेच म्हणाले, “सकाळपासून काय बदललं, ते शोधा.” चाके पाहिली, फ्लेक्स पुसला, आज्ञावली ओळीओळीने वाचली. शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, बॅटरी उतरलीय.” भरलेली बॅटरी लावली, तर पठ्ठ्या गरजेपेक्षा जास्त वळला! मग उमगले की, वेळ म्हणजे अंतर नव्हे. दोन दिवस खपून त्यांनी चाकाचे फेरे मोजणारी आज्ञा लिहिली. रोबो सकाळ-संध्याकाळ सारखाच वळू लागला.

मला आमचे लेजर बॅलन्सिंग आठवले. सहामाहीला फरक निघाला की जुने हेडक्लार्क आधी त्याला नऊने भागून पाहत. भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. १२८० चे १८२० झाले तर फरक ५४० चा, नऊने नेमका भागला जाणारा! पण त्याहून अवघड चूक वेगळीच. रक्कम बरोबर, खाते दुसऱ्याचे. तेरीज बिनबोभाट जुळते आणि खातेदार दारात उभा राहीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. आज्ञावलीतही हेच. आर्डुइनोच्या भाषेत बरोबरचे चिन्ह एकदा लिहिले तर ‘हे मूल्य ठेव’, दोनदा लिहिले तर ‘दोन्ही सारखे आहेत का?’ दोनाच्या जागी एक पडले, तरी संगणक बहुधा निमूट काम करतो. रोबो तेवढा भलतीकडे जातो.

१९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी सेमूर पेपर्ट यांचे सांगणे याच वळणाचे होते. आज्ञावली बरोबर की चूक हे विचारून थांबू नये. ती दुरुस्त कशी होईल ते विचारावे. आपल्या परीक्षेत चूक म्हणजे तांबडी फुली. इथे चूक ही पुढच्या पायरीची सुरुवात.

मात्र सगळीकडे हेच चालते असे नाही. सांगलीत एका स्पर्धेला गेलो होतो. एका चमूचा रोबो देखणा, टी-शर्टही एकसारखे. सभागृहाच्या खिडकीतून ऊन आले, सेन्सर गोंधळले आणि रोबो पट्टी सोडून भरकटला. मुले वाकून पाहीनात. ती भिंतीकडे उभ्या असलेल्या क्लासच्या सरांकडे पाहू लागली. आज्ञावली त्यांची होती, मुलांची नव्हती. चमूतल्या दोन मुली हातात तक्ते धरून उभ्या होत्या. त्या मुलांचा राग कसा यावा? १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यंत्रे आली, तेव्हा आम्हांलाही कुठली कळ दाबायची एवढेच शिकवले होते. यंत्र अडले की इंजिनिअर येईपर्यंत काउंटरपुढे रांग आणि आमचे हात घडीत.

साताऱ्याच्या त्या सरांचे नियम साधे होते. आज्ञा आधी वहीत मराठीत लिहायची: ‘डावीकडे काळे दिसले तर डावीकडे वळ.’ ज्याला मराठीत सांगता येत नाही, त्याने संगणकाला हात लावायचा नाही. की-बोर्ड दर अर्ध्या तासाने पुढच्याकडे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. आणि सापडलेली प्रत्येक चूक, शोधणाऱ्याच्या नावासकट, एका वहीत. या तीन नियमांना अनुदान लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगची शिफारस केली आहे. पुढे प्रयोगशाळा वाढतील, रोबोही वाढतील. पालकांनी आणि संस्थाचालकांनी स्नेहसंमेलनात रोबो चालला की टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण त्याआधी मुलांना एक विचारावे: तो कुठे अडला होता, आणि कोणी शोधून काढले? उत्तर मुलांकडून आले, तर खर्च कारणी लागला.