काये ओचोवरची खाद्यफेरी

मायामीतल्या लिटल हवानाची खाद्यफेरी जेमतेम पाच-सहा चौकांत आटोपते. काये ओचो म्हणजे आठवा रस्ता, आणि त्यावरचा बाराव्या ते सतराव्या अव्हेन्यूमधला तुकडा. नुसतं चालायचं तर वीस मिनिटं पुरतात, पण फेरीला दोन-अडीच तास सहज जातात. वेळ खाण्यात जातो, तसा ऐकण्यातही. माझ्या मते खरी फेरी ऐकण्याचीच आहे, कारण इथल्या प्रत्येक घासामागे कुणाचं तरी घर सुटलेलं आहे.

पूर्वी हा भाग रिव्हरसाइड आणि शेनॅन्डोआ या नावांनी ओळखला जाई. शेनॅन्डोआत ज्यूंची मोठी वस्ती होती. जानेवारी 1959 मध्ये क्युबात फिडेल कॅस्ट्रोंची सत्ता आली आणि माणसं देश सोडू लागली. या भागात भाडी परवडत आणि शहराचा मध्य जवळ होता, म्हणून ती इथे टेकली. काही महिन्यांत परत जाऊ, असंच बहुतेकांना वाटत होतं. 1965 ते 1973 या काळात विमानांनी सुमारे तीन लाख लोक आले. 1980 मध्ये मारिएल बंदरातून बोटींनी आणखी सव्वा लाख आले. येताना घरदार, दुकान, बँकेतला पैसा मागेच राहिला. हाताची चव तेवढी सोबत आली.

ती चव सँडविचमध्ये भेटते. लांबट क्युबन पाव, त्यात हॅम, लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, स्विस चीज, काकडीचं लोणचं आणि मोहरीची पिवळी चटणी. मग सपाट तव्याच्या यंत्रात सगळं दाबून शेकायचं. कवच कुरकुरीत झालं, आतलं चीज वितळलं आणि सगळे थर एकमेकांना धरून बसले, की सुरीने तिरका काप. टॅम्पा शहरातले लोक यात सलामीही घालतात, कारण तिथल्या सिगार कारखान्यांच्या वस्तीत क्युबन आणि इटालियन शेजारी राहिले. मायामीत सलामी चालत नाही आणि यावरून दोन्ही शहरांत मनापासून भांडणं होतात. शाकाहारी मराठी पाहुण्यांनी एक लक्षात ठेवावं: या पावाच्या कणकेतच डुकराची चरबी असते. नुसतं चीज घालून मागितलं तरी भागत नाही.

पुढचा थांबा व्हेंतानितापाशी, म्हणजे कॉफीच्या खिडकीपाशी. आत टेबलं असली तरी लोक फुटपाथवर उभे राहूनच कॉफी घेतात. करणारीचे हात नीट पाहावेत. एस्प्रेसोचे पहिले काही थेंब ती साखरेवर पाडते आणि चमच्याने घोटत राहते. साखरेचा रंग फिका होऊन मऊ फेस आला की उरलेली कॉफी त्यावर ओतते आणि फेस वर तरंगतो. ‘कोलादा’ मागितलात तर थर्मोकोलच्या एका पेल्यात कॉफी येते आणि सोबत अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या वाट्या. ती एकट्याने प्यायची नसते, आजूबाजूला वाटायची असते. ही खिडकी रुजवण्याचं श्रेय बहुतेक जण फेलिपे वाल्स यांना देतात. त्यांनी 1971 मध्ये काढलेलं ‘व्हर्साय’ हे रेस्टॉरंट याच रस्त्यावर आहे, पण तीनेक किलोमीटर पश्चिमेला, म्हणून पायी फेरीत सहसा बसत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये फिडेल कॅस्ट्रो वारले त्या रात्री लोक भांडी बडवत तिथेच जमले होते.

भरदुपारी घशाला कोरड पडते तेव्हा फळांच्या दुकानातला ‘ग्वारापो’ कामी येतो. हा ताजा उसाचा रस. बर्फ घातलेला पहिला घोट घेताच आपल्याकडची घुंगरं बांधलेली रसवंती आठवते.

डॉमिनो पार्कमध्ये म्हातारी मंडळी डॉमिनोचा दुहेरी नवाचा संच घेऊन बसतात, 55 सोंगट्यांचा. उद्यानाला माक्सिमो गोमेस यांचं नाव आहे. ते क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती, पण जन्माने डोमिनिकन. जवळच 1926 चं टॉवर थिएटर आहे. तिथे स्पॅनिश उपशीर्षकांसह इंग्रजी चित्रपट लागत आणि नव्याने आलेली कुटुंबं ते बघत इंग्रजी शिकत.

घाईतल्या फेऱ्या तेराव्या अव्हेन्यूवरचं स्मारक पाच मिनिटांत उरकतात. ते मला पटत नाही. एप्रिल 1961 मध्ये क्युबातल्या पिग्जच्या उपसागरात कॅस्ट्रोंविरुद्ध उतरलेल्या ब्रिगेड 2506 च्या मृतांसाठी इथे अखंड ज्योत तेवते. अमेरिकेनेच प्रशिक्षण दिलेली ही निर्वासितांची फौज तीन दिवसांत हरली. परतीची आशा तिथे पहिल्यांदा मोडली. मग तात्पुरत्या वस्तीत बेकऱ्या, दवाखाने, शाळा उभ्या राहिल्या. हे समजल्याशिवाय सँडविच हे नुसतं सँडविचच राहतं.

फेरीत हमखास वगळली जाणारी गोष्ट आजच्या रहिवाशांची आहे. अनेक क्युबन कुटुंबं केव्हाच हायालिया आणि केंडलकडे गेली. त्यांच्या जागी निकाराग्वा, होंडुरास, ग्वाटेमालाचे लोक आले, तेही युद्ध आणि गरिबीतून निसटलेले. आता जमिनीला भाव आलाय. 2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा जतन संस्थेने धोक्यात आलेल्या ठिकाणांच्या यादीत या वस्तीचं नाव घातलं. भाडं वाढलं की आधी याच कुटुंबांना निघावं लागतं. म्हणून फेरी संपल्यावर परत फिरू नये. एखाद्या ‘फ्रितांगा’त, म्हणजे निकाराग्वन खाणावळीत, शिरावं आणि लाल राजमा-भाताचा ‘गायो पिंतो’, तळलेल्या केळ्याचे काप आणि निखाऱ्यावरचं मांस मागवावं. वाटाड्यांनीही हा थांबा आपल्या फेरीत घ्यायला हवा.