लक्झरी कार घेताय? सही करण्याआधी हा हिशेब मांडा

शोरूममधून आणलेलं जाडजूड ब्रोशर डायनिंग टेबलवर पडलेलं असतं. नवरा सनरूफबद्दल बोलत असतो, मुलांनी रंगही ठरवून टाकलेला असतो आणि सासऱ्यांचा एकच प्रश्न असतो, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ या गडबडीत बँकेच्या फॉर्मवरच्या ‘सहकर्जदार’ या रकान्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथे नाव असतं तुमचं.

तुमची नोकरी किंवा प्रॅक्टिस असेल, तर मोठं कर्ज मिळावं म्हणून दोघांचं उत्पन्न एकत्र दाखवलं जातं. मग हप्ते थकले की बँक तुमच्याकडेही तितक्याच हक्काने वसुलीला येते आणि क्रेडिट स्कोअर दोघांचाही घसरतो. म्हणून गाडीबद्दलचे अवघड प्रश्न तुम्हीच विचारलेले बरे.

उदाहरणासाठी मर्सिडीज-बेंझ ई-क्लास घेऊ. ही गाडी पुण्याजवळ चाकणला तयार होते. २०१७ पासून भारतात तिचं लांब व्हीलबेसचं मॉडेल मिळतं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवून सगळी जादा जागा मागच्या सीटला दिलेली. नवं मॉडेल ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, तेव्हा एक्स-शोरूम किंमत साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून सुरू होत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेली बीएमडब्ल्यू ५ सीरीज लाँग व्हीलबेस ७२ लाख ९० हजारांची होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी अशा सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर होता, आता सरसकट ४० टक्के आहे. किमती अशा वरखाली होत राहतात, म्हणून सोपा आकडा धरू : ८० लाख.

८० लाखांचे ९० लाख कसे होतात?

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, ती व्यक्तीच्या नावावर असेल तर, १३ टक्के रोड टॅक्स लागतो. म्हणजे १० लाख ४० हजार. डिझेल असेल तर १५ टक्के. नव्वदी तर इथेच ओलांडली, विमा अजून बाकीच आहे. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापला जातो. हे ८० हजार मात्र आयकर रिटर्न भरताना वळते करून घेता येतात, फक्त विसरू नका.

घरचा व्यवसाय असेल तर हमखास कुणीतरी सुचवतं, ‘‘कंपनीच्या नावावर घे, टॅक्स वाचेल.’’ गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा दाखवता येतो हे खरं. पण घरच्या वापराच्या अशा कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळत नाही आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के पडतो. आपल्या उदाहरणात ५ लाख ६० हजार जास्त! सीएला दोन्ही आकडे कागदावर मांडायला सांगा, तोंडी नको.

तुम्ही बंगळुरू, इंदूर किंवा बडोद्याला राहत असाल तर तिथला दर वेगळा असणार. बदलीची नोकरी असेल तर आणखी एक कटकट असते. नव्या राज्यात वर्षभरापेक्षा जास्त राहायचं तर गाडीची पुन्हा नोंदणी करून तिथला टॅक्स भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. सैन्यदल, सरकारी नोकरी, बँक किंवा चार-पाच राज्यांत ऑफिसं असलेली खासगी कंपनी, यांपैकी काही लागू होत असेल तर बीएच सीरीजच्या नंबरची चौकशी करा. त्यात दर दोन वर्षांनी टॅक्स भरता येतो.

आता सासऱ्यांचा प्रश्न

महिन्याला १,००० किलोमीटर फिरणं, शहरात १० चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर महिन्याचे साडेदहा हजार, वर्षाचे सव्वा लाख. ड्रायव्हरला २० हजार पगार दिलात तर वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. तरी हे दोन्ही खर्च किरकोळ वाटावेत असा तिसरा खर्च आहे, ज्याचं बिल कधी येतच नाही.

समजा, विमा वगैरे धरून गाडी ९६ लाखांना पडली. २४ लाख खिशातून दिले आणि ७२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं. हप्ता साधारण १ लाख १५ हजार ८०० रुपये. तीन वर्षांत तुम्ही ४१ लाख ७० हजारांच्या आसपास भरता. तरीही कर्ज उरतं सुमारे साडेशेहेचाळीस लाख. आणि गाडी? विम्यात आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर जास्तीत जास्त मिळणारी ती रक्कम. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीसाठी प्रचलित तक्त्यानुसार ४० टक्के घट धरतात, म्हणजे ८० लाखांची गाडी ४८ लाखांची. २४ लाख आणि हप्ते मिळून पासष्ट लाखांहून अधिक रक्कम गेल्यावर गाडीत तुमचं स्वतःचं म्हणावं असं उरतं दीड लाख! आणि विकायला काढलीत तर गिऱ्हाईक ४८ देईलच असं नाही.

हा हिशेब कुणाला घाबरवायला मांडलेला नाही. व्यवसाय जोरात आहे, मुलांच्या शिक्षणाची सोय झाली आहे, आई-बाबांच्या दवाखान्यासाठी वेगळे पैसे आहेत, तर खुशाल घ्या. हौसेला मोल असतंच. पण हाच ७२ लाखांचा आकडा आणि मुलीच्या परदेशातल्या शिक्षणाचा खर्च एकाच पगारातून भागवायचा असेल, तर ब्रोशर मिटून ठेवा. तीन-चार वर्षं वापरलेली, कंपनीनेच तपासून वॉरंटीसह विकलेली गाडी बघा. तिची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. किंवा टोयोटा कॅमरी हायब्रिडसारखी गाडी चालवून बघा. डिसेंबर २०२४ मध्ये ती ४८ लाखांना आली होती.

मागे बसणार कोण?

ही गाडी मागे बसणाऱ्यासाठी बनवलेली आहे. सीट मागे कलते, मांड्यांना आधार मिळतो, खिडक्यांना पडदे असतात. नवरा रोज स्वतः चालवणार आणि मागे फक्त टिफिनची पिशवी बसणार असेल, तर त्या जागेचे पैसे का मोजायचे? उलट घरात गुडघे दुखणारी सासू किंवा आई असेल, तर तिला शोरूममध्ये घेऊन जा. आत पाय पसरायला जागा भरपूर, पण सेडान खाली असते. तिला आधाराशिवाय उठून बाहेर येता येतं का, ते बघा. सेल्समनच्या अर्ध्या तासाच्या माहितीपेक्षा हे एक मिनिट मोलाचं आहे.

मागचा सीटबेल्टही तेव्हाच लावून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसलेल्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. एअरबॅग कितीही असोत, त्या बेल्टच्या जोडीनेच नीट काम करतात. सीट फार कलवून झोपलं तर बेल्टही जागेवर बसत नाही, हे ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांनी विशेष लक्षात ठेवावं.

डॅशबोर्डभर पसरलेले स्क्रीन आणि रंग बदलणारे दिवे पहिला महिनाभर छान वाटतात. त्यांच्यासाठी वरचं व्हेरियंट घेऊ नका.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी मेजरिंग टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. गाडी जवळपास ५.१ मीटर लांब आहे आणि दार पूर्ण उघडायलाही जागा लागते. स्टॅक पार्किंग असेल तर ते किती लांबीची आणि किती वजनाची गाडी उचलतं, हे सेक्रेटरींकडून लेखी घ्या.