बोटांचा कौल

पॅरिसच्या शाही अंधशाळेत १८४० नंतर पुस्तकांची होळी झाली, असं लुई ब्रेलचे चरित्रकार सांगतात. ती पेटवणारा कुणी धर्मवेडा नव्हता की परकी सैनिक नव्हता. शाळेचा नवा प्रमुखच होता तो, आर्मां द्युफो. आधीचे प्रमुख पिन्ये यांना त्याने खटपटी करून घालवलं होतं. इतिहास शिकवून पिन्ये मुलांची मनं बिघडवतात, असा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला म्हणे. ब्रेल लिपीतलं पहिलं पुस्तक याच शाळेत १८३७ साली निघालं होतं आणि विषय होता फ्रान्सचा इतिहास, तीन खंडांत.

द्युफोने पुस्तकं बदलली, लिहायच्या पाट्या आणि टोचे काढून घेतले आणि ब्रेलच्या ठिपक्यांत लिहिताना सापडेल त्याला शिक्षा सुरू केली. मुलं विणकामाच्या सुया, खिळे, जेवणातले काटे, हाताला लागेल त्याने कागद टोचत राहिली.

तरी द्युफोला खलनायक करून मोकळं होता येत नाही. त्या काळच्या डोळस शिक्षकांची एक बाजू होती आणि ती ऐकायला अगदी शहाणपणाची वाटते. अंध मुलं अशी लिपी वाचू लागली की जी त्यांच्या आईबापांना, शिक्षकांना, शेजाऱ्यांना वाचता येत नाही, तर त्यांच्याभोवती आणखी एक भिंत उभी राहील. त्यापेक्षा नेहमीचीच अक्षरं कागदावर उठावदार छापा; बोटांनी त्यांनी वाचावीत, डोळ्यांनी आपण. अमेरिकेत बॉस्टनच्या शाळेचे डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ हेच म्हणत होते आणि त्यांनी त्यासाठी स्वतःचा उठावदार अक्षरांचा साचाही तयार केला होता. माणूस प्रामाणिक होता, कळकळीचा होता. चूक फक्त एका ठिकाणी होती: अक्षर सोपं की अवघड, हे तो डोळ्यांनी ठरवत होता.

ही चूक पॅरिसच्या शाळेच्या जन्मापासूनची. शाळेचा संस्थापक व्हालांतँ आउई याने १७८४ साली फ्रांस्वा लेस्युर नावाच्या अंध भिकारी पोराला शिकवायला घेतलं. टेबलावरचे कागद लावताना पोराच्या बोटाला खोलवर दाबून छापलेलं एक अक्षर लागलं आणि त्याने ते ओळखलं, अशी गोष्ट सांगतात. त्यातून आउईने युक्ती काढली: ओला कागद छपाईच्या मोठमोठ्या खिळ्यांवर दाबायचा, अक्षर मागच्या बाजूने उठतं, असे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवले की एक पान तयार. अंध माणूस पुस्तक वाचू शकतो हे जगाला दाखवणारा पहिला शिक्षक तो, आणि त्याचं श्रेय कमी करायचं कारण नाही. पण एकेका ओळीवरून बोट फिरवता फिरवता मुलं मेटाकुटीला येत. पुस्तकं वजनाला भारी, संख्येला मोजकी. आणि मुख्य म्हणजे या पद्धतीने मुलाला लिहिता येत नसे. अक्षर उठवायला छापखाना लागायचा. वाचणारा तयार झाला, पण घरी चार ओळींचं पत्र धाडायचं तर दुसऱ्याचा हात धरावा लागे.

१८१९ च्या फेब्रुवारीत दहा वर्षांचा लुई या शाळेत आला. पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कूव्रे गावच्या जीन-खोगिरं बनवणाऱ्याचा मुलगा. तिसऱ्या वर्षी बापाच्या कामाच्या जागी खेळताना हत्यार डोळ्यात गेलं, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला, पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही गेले. (आरीने डोळे नेले आणि टोच्याने अक्षरं दिली हा योगायोग प्रत्येक चरित्रात रंगवलेला असतो. मला त्यापेक्षा गावच्या शाळेची गोष्ट मोठी वाटते. तिथल्या पाद्र्याने आणि मास्तरांनी या पोराला इतर मुलांबरोबर वर्गात बसवलं होतं, तेही १८१५ च्या आसपास.) पॅरिसची शाळा म्हणजे जुनी, ओलसर इमारत, राज्यक्रांतीच्या काळात तिचा तुरुंग झाला होता.

१८२१ साली शार्ल बार्बिये हा तोफखान्यातला माजी अधिकारी आपली ठिपक्यांची लिपी घेऊन शाळेत आला. नेपोलियनच्या सैनिकांना अंधारात निरोप वाचता यावेत म्हणून त्याने ती काढली, असं आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. अलीकडच्या अभ्यासकांना या कथेला आधार सापडलेला नाही. शिक्षण न मिळालेल्या माणसांना आणि अंधांना झटपट लिहिता यावं, हा त्याचा हेतू असल्याचं दिसतं. काही असो, कागदावर टोचून उठवलेला ठिपका बोटाला रेषेपेक्षा लवकर कळतो, ही गोष्ट त्याची. आणि लिहायला छापखाना नको, टोचा पुरे, हीसुद्धा त्याचीच.

पण त्याच्या लिपीत वाचायचं कसं, ते पाहा. फ्रेंच भाषेतले ३६ उच्चार सहा ओळींच्या तक्त्यात मांडलेले, प्रत्येक ओळीत सहा. चिन्हात ठिपक्यांचे दोन उभे स्तंभ. डावीकडचे ठिपके मोजले की ओळ कळते, उजवीकडचे मोजले की ओळीतली जागा. चौथ्या ओळीतला तिसरा उच्चार हवा तर डावीकडे चार, उजवीकडे तीन. शेवटच्या उच्चाराला बारा ठिपके! बोट वर न्यायचं, खाली आणायचं, मोजायचं, पुन्हा दुसरा स्तंभ मोजायचा, मनातला तक्ता चाळायचा, तेव्हा कुठे एक उच्चार हाती लागतो. त्यात शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीत नाही.

मुलांना ती आवडली आणि तिने छळलंही. लुईने बारा-तेराव्या वर्षापासून तिच्याशी झटापट सुरू केली. दिवसा वर्ग आणि कामं, म्हणून रात्री. सुटीत गावी गेला की तिथे. १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची मांडणी बरीचशी तयार झाली होती.

त्याने केलं काय? बारांचे सहा ठिपके केले, एवढंच बहुतेक पुस्तकं सांगतात. निम्मे केले हे खरं, पण का केले ते महत्त्वाचं. तीन ठिपक्यांची उंची बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावते. बोट वरखाली हलवावंच लागत नाही. ते ओळीवरून सरळ सरकतं. आणि बोट थांबलं नाही की मोजणीही संपते. पोहे निवडताना हाताला खडा लागतो तो मोजून लागत नाही, तसं हे चिन्ह एकदम ओळखू येतं. बार्बियेच्या लिपीत मूल हिशोब करत होतं. या लिपीत ते वाचू लागलं. हा शोध डोळस माणसाला लागणं कठीण होतं, कारण कागदावर पाहिलं तर बारा ठिपक्यांचं चिन्ह आणि सहा ठिपक्यांचं चिन्ह सारखंच सुबक दिसतं.

सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हं होतात. लुईने ती हवी तशी वाटली नाहीत. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढची दहा म्हणजे तीच, फक्त खाली डावीकडे एक ठिपका जास्त. त्यापुढच्यांना खालचे दोन्ही. दहा पाठ केली की बाकीची जवळजवळ आपोआप येतात. उच्चार सोडून त्याने अक्षरं घेतली, म्हणजे अंध मुलाचं शुद्धलेखन डोळसाइतकंच पक्कं होणार. आणि संगीताची चिन्हं केली. तो स्वतः ऑर्गन वाजवायचा, पुढे पॅरिसच्या चर्चमध्ये त्याने वादकाची नोकरीही केली. शाळेतल्या कित्येक मुलांची भाकरी संगीतावर अवलंबून होती.

१८२९ साली त्याने पद्धत छापून प्रसिद्ध केली. गंमत अशी की ते पुस्तक जुन्या उठावदार रोमन अक्षरांत होतं, कारण शाळेत छपाईची सोय तेवढीच होती. प्रस्तावनेत बार्बियेचं ऋण मान्य केलेलं आहे. या पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या गेल्या आणि निव्वळ ठिपके उरले.

लिहायचं तंत्र आजही थोडंफार तेच आहे. ब्रेल पाटीच्या दोन पट्ट्यांत जाड कागद अडकवायचा. वरच्या पट्टीला छोट्या खिडक्या, खालच्या पट्टीला खळगे. टोच्याने एकेका खिडकीत ठिपके दाबायचे. ठिपका उठतो मागच्या बाजूला, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. कागद काढून पालथा केला की डावीकडून उजवीकडे सुलटं वाचता येतं. नव्या शिक्षकाला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. सहा-सात वर्षांची पोरं मात्र काही दिवसांत टकटक टकटक करत ओळी भरू लागतात.

ही लिपी द्युफोने बंद केली, तेव्हा ब्रेल स्वतः त्याच शाळेत शिक्षक होता आणि क्षयाने खोकत होता. त्याने बंड वगैरे केलं नाही. शाळेतल्या मुलांनी लिपी चालू ठेवली. मोठी पोरं लहानांना शिकवत राहिली. हे द्युफोचा सहायक जोझेफ गादे याच्या लक्षात आलं. जी गोष्ट शिक्षा करूनही थांबत नाही, तिच्यात काही तथ्य असणार, एवढा विचार त्याने केला आणि वरिष्ठाचं मन वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीचा समारंभ झाला. पाहुण्यांसमोर गादेने ब्रेल लिपीची माहिती दिली. मग एका विद्यार्थ्याला मजकूर सांगितला, त्याने तो ठिपक्यांत उतरवून घेतला. दुसरा विद्यार्थी तोवर दालनाबाहेर होता. त्याला आत बोलावलं, कागद हातात दिला आणि त्याने तो घडाघडा वाचून दाखवला.

ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी वारला, वयाची ४३ वर्षं पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत केली ती १८५४ साली.

इंग्लंडमधला निवाडा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत न्याय्य वाटतो. तिथे अनेक लिप्या एकमेकींशी भांडत होत्या आणि प्रत्येकीचा कैवारी बहुधा डोळस. स्वतः दृष्टी गमावत चाललेले डॉ. थॉमस रोड्स आर्मिटेज यांनी १८६८ साली एक मंडळ स्थापलं आणि निर्णय घेणाऱ्यांसाठी अट घातली: सभासद बोटांनी वाचणारा हवा, निदान तीन लिप्या त्याला येत हव्यात आणि कुठल्याही लिपीत त्याचा पैसा गुंतलेला नको. या लोकांनी दोन वर्षं घासाघीस केली आणि कौल ब्रेलच्या बाजूने दिला. अमेरिकेत मात्र वेगवेगळ्या ठिपक्यांच्या लिप्यांची भांडणं विसाव्या शतकातही चालू राहिली.

आपल्याकडे १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला पहिली अंधशाळा काढली, १९०० साली मुंबईत ॲना मिलार्ड यांनी काढली. पण कुठे एक ब्रेल, कुठे दुसरं. एका भाषेतलं पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या वाचकाला बंद. स्वातंत्र्यानंतर सरकारने युनेस्कोची मदत घेतली आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरलं. अक्षर मराठी, गुजराती, बंगाली कुठलंही असो, ‘क’चं चिन्ह एकच: डावीकडचा वरचा आणि खालचा ठिपका.

इथेही जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला असणार: देवनागरीचं रूप राखायचं की बोटाची सोय पाहायची? बोटाची पाहिली गेली. कागदावर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. काना-मात्रांना वेगळी चिन्हं नाहीत, स्वराचं अक्षरच व्यंजनापुढे ठेवायचं. जोडाक्षरासाठी व्यंजनाच्या आधी एक ठिपका ठेवून पाय मोडायचा, की झालं. रफाराचा गोंधळच नाही. सर्वसाधारण शाळेत एखादा अंध विद्यार्थी आला की मराठीच्या शिक्षकांनी एवढं जरी शिकून घेतलं, तरी त्याची वही त्यांना लेखनिकाशिवाय तपासता येते. डोळसाला ठिपके डोळ्यांनीही वाचता येतात, थोडा तिरपा उजेड लागतो इतकंच. ह्रस्व-दीर्घाचे गुण मात्र कापावेच लागतील. ‘इ’ आणि ‘ई’ यांची चिन्हं तिथेही वेगवेगळीच आहेत.